रामजोशी कोणाचे? सोलापूरचा शाहीर, बारामतीचे पंत आणि दोनशे वर्षांचे रसिक

सोलापूर आणि वालचंदनगर यांचे नाते म्हटले की एका उद्योगपतीचे नाव पुढे येते. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९३०च्या दशकात इंदापूर तालुक्यातील कळंबच्या परिसरात साखर कारखाना उभारला आणि त्यांच्या नावाची वसाहत वसली. परंतु त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी सोलापूरचाच आणखी एक माणूस या बाजूला येऊन गेला होता. सोलापूरहून बारामती गाठायची तर भीमा ओलांडून इंदापूरचा मुलूख तुडवावा लागतो. तेव्हा नीरेचा कालवा नव्हता, ऊस नव्हता. ज्वारी-बाजरीची कोरडवाहू शेते होती. या माणसाजवळ भांडवल म्हणावे असे काही नव्हते. स्वतः रचलेली गाणी होती आणि ती म्हणायला स्वतःचा गळा होता. त्यांचे नाव राम जगन्नाथ जोशी. महाराष्ट्र त्यांना रामजोशी म्हणून ओळखतो. (धागा)

आजच्या भाषेत ज्याला गायक-गीतकार म्हणतात, तसे रामजोशी होते. जन्म १७६२च्या सुमाराचा, मृत्यू १८१२च्या सुमाराचा. दोन्ही सालांबाबत अभ्यासकांत दोन-चार वर्षांचा फरक आढळतो. घर वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मणाचे. वडीलबंधू मुद्गल जोशी हे पुराण सांगणारे, गावात मान असलेले गृहस्थ. आणि याच घराच्या शेजारपाजारी धोंडी शाहिराचा फड. मुलाचे कान पुराणापेक्षा ढोलकीकडे अधिक लागलेले होते, असे परंपरा सांगते. प्रथम ऐकणे, मग धोंडीसाठी लावण्या रचून देणे, आणि शेवटी स्वतःच बोर्डावर उभे राहणे, अशा पायऱ्यांनी रामजोशी तमाशात शिरले. थोरल्या भावाने घराबाहेर काढले.

या गोष्टीचे गांभीर्य समजण्यासाठी त्या काळचा फड डोळ्यांसमोर आणायला हवा. डफ, ढोलकी, तुणतुणे, झांज; मुख्य शाहिरामागे सूर धरणारे झीलकरी; नाच्या पोऱ्या, सोंगाड्या. आरंभी गण, मग गौळण, त्यानंतर लावण्या. आणि दोन फड समोरासमोर आले की कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब रात्रभर. हजरजबाबीपणा, पुराणांची माहिती आणि खडा आवाज, या तिन्हींवाचून शाहिराचा निभाव लागत नसे. ब्राह्मणाच्या मुलाने तेथे गाणे म्हणजे केवळ चैन नव्हे. पंक्तीतून, दक्षिणेतून, पौरोहित्यातून हात धुणे होते.

येथे एक छोटीशी बाब. मराठी वाङ्मयाच्या जुन्या इतिहासांत मोरोपंत नेहमी ‘ते’ असतात, आणि शाहीर बहुधा ‘तो’ असतो. ‘पंतांनी आर्या रचल्या’, ‘रामजोश्याने लावण्या केल्या’. व्याकरणातच दोघांची पायरी ठरलेली आहे. या धाग्यात दोघांसाठीही एकच रूप वापरले आहे.

रामजोश्यांच्या रचनेत ऐकणाऱ्याला पकडून ठेवणारे असे काय होते? पहिली गोष्ट, नाद. शब्दांतर्गत यमके आणि अनुप्रास एकामागून एक असे येतात की ओळ अर्थाआधी कानाला कळते. ढोंगी साधूंवर झोड उठवणारी त्यांची उपदेशपर लावणी प्रसिद्ध आहे. जटा, भस्म, मुद्रा यांचे अवडंबर माजवणाऱ्याला ते त्यात जाब विचारतात. पण तो जाब ठसक्यात, ढोलकीच्या तोडीवर येतो. उपदेश ऐकताना पाय थिरकावा, हे कीर्तनकारालाही सहसा साधत नाही.

दुसरी गोष्ट, भाषा. सोलापूर हे मराठी, कानडी, तेलुगू आणि दक्खनी हिंदुस्थानी बोलींच्या सांध्यावरचे शहर. बाजारात उभे राहिले तरी तीन-चार भाषा कानावर पडणार. रामजोश्यांनी हे सारे लावणीत आणले. मराठी चरणाशेजारी कानडी चरण, हिंदुस्थानी चरण. आणि याहून धाडसाची गोष्ट म्हणजे संस्कृतातील लावणी. देवभाषा ढोलकीच्या तालावर बसवणे हा पंडितांना विनोद वाटला असेल, किंवा अपराध. त्यांनी संस्कृतात ‘मदालसा चंपू’ हे काव्यही रचले. म्हणजे संस्कृत त्यांना ठिगळापुरती येत होती असे नाही.

तिसरी गोष्ट, शृंगार. त्यांची सर्वांत लोकप्रिय लावणी एका सुंदरीच्या वर्णनाची आहे आणि ती आजही गायिली जाते. वर्णनातील उपमा संस्कृत काव्यातून आलेल्या, पण चाल आणि लगट फडातली. याच संगमामुळे रामजोशी अनंत फंदी, होनाजी बाळा, परशराम, प्रभाकर, सगनभाऊ या पेशवाईतील शाहिरांच्या मांदियाळीत वेगळे उठून दिसतात. होनाजींचा गोडवा त्यांच्यात नाही, प्रभाकरांची ऐतिहासिक दृष्टीही नाही. त्यांच्याजवळ पांडित्य होते आणि त्या पांडित्याला नाचवण्याची हिंमत होती.

घराबाहेर पडल्यावर ते पंढरपूरला जाऊन शास्त्राध्ययन करून परतले आणि काही काळ कीर्तने केली, असे त्यांच्या चरित्राची परंपरा सांगते. पुन्हा तमाशा, पुन्हा कीर्तन, अशी त्यांची ये-जा दिसते. ही ये-जाच पुढच्या साऱ्या वादाचे मूळ आहे. कारण त्यांच्यावर प्रेम करणाऱ्या प्रत्येक पिढीने त्यांना यांपैकी एकाच बाजूला उभे करण्याचा प्रयत्न केला.

आता बारामती. अठराव्या शतकात हे गाव म्हणजे बाबूजी नाईक यांचे ठाणे. नाईक मोठे सावकार. त्यांचे बंधू आबाजी हे थोरल्या बाजीराव पेशव्यांच्या भगिनी भिऊबाई यांचे पती. या घराण्याच्या आश्रयास मोरेश्वर रामचंद्र पराडकर, म्हणजे मोरोपंत, तरुणपणी आले. जन्म १७२९, पन्हाळगड. विद्या तेथील पाध्ये बंधूंकडे. आणि उर्वरित आयुष्य बारामतीत, नाईकांच्या घरी पुराण सांगत आणि काव्य रचत. चार दशकांहून अधिक काळ हा क्रम चालला. १७९४च्या चैत्रात बारामतीतच त्यांचा देह पडला.

मोरोपंतांचे काव्य आज फारसे कोणी हौसेने वाचत नाही, हे मान्य करायला हरकत नाही. महाभारत आर्यांत, भागवत आर्यांत, रामायणे तर परंपरेच्या मोजणीप्रमाणे एकशे आठ. त्यांत ओठांना ओठ न लावता उच्चारता येणारे निरोष्ठ रामायणही आहे. म्हणजे प, फ, ब, भ, म ही अक्षरे संपूर्ण काव्यात नाहीत. हा खेळ आजच्या वाचकाला कोरडी कसरत वाटतो. पण पंत ज्याला आर्या म्हणतात ते वृत्त बहुतेक ठिकाणी ‘गीति’ आहे, बारा आणि अठरा मात्रांच्या जोड्यांचे, आणि नावाप्रमाणेच ते गाण्याचे वृत्त आहे. कागदावर गाठ बसलेली वाटणारी आर्या गळ्यातून येताना सुटते. मोरोपंतांना अशा गळ्याची गरज होती. स्वतः ते पुराणिक. बैठकीत बसून अर्थ सांगणारे. उभ्याने, झांजेच्या ठेक्यावर, हजारभर लोकांना जागे ठेवून आर्या म्हणणारा कोणी तरी हवा होता.

हा कोणी तरी सोलापूरहून आला.

रामजोशी आणि मोरोपंत यांच्या भेटीची कथा महाराष्ट्रात अनेक प्रकारे सांगितली जाते. गाभा असा: या शाहिराची कीर्ती पंतांच्या कानी गेलेली होती, रचना ऐकल्यावर त्यांनी ‘कविप्रवर’ म्हणून त्याचा गौरव केला, आणि एवढी वाणी शृंगारात खर्ची न घालता हरिकथेला वाहावी, असे सुचवले. पुढे रामजोश्यांनी कीर्तनात पंतांच्या आर्या म्हणायला आरंभ केला आणि त्या गावोगाव पोहोचल्या. आर्यांच्या प्रसारात रामजोश्यांचा मोठा वाटा आहे, हे वाङ्मयाचे इतिहासकार सामान्यतः मान्य करतात.

या भेटीकडे गुरु-शिष्याची भेट म्हणून पाहण्याची सवय आहे. वयात तीसेक वर्षांचे अंतर होते, त्यामुळे ते स्वाभाविकही वाटते. परंतु दोघांच्या रचना शेजारी ठेवल्या तर दुसरेच काही दिसते. यमकाचा हव्यास दोघांतही. शब्द उलटासुलटा करून त्यातून नवा अर्थ काढण्याचा आनंद दोघांतही. संस्कृत शब्द मराठी क्रियापदाला जोडून देण्याची सफाई दोघांची. पंतांनी जे बैठकीत केले, ते जोशी फडात करीत होते. एका कारागिराने दुसऱ्या कारागिराचा हात ओळखावा, तशी ही ओळख असावी. बारामतीचे वृद्ध कवी हे रामजोश्यांच्या रसिकांपैकी सर्वांत जाणकार रसिक होते, आणि रामजोशी पंतांचे सर्वांत उपयोगी रसिक. स्तुती करणारे पंतांना अनेक मिळाले. आर्या मुखोद्गत करून चार गावांत नेणारे थोडे.

येथवर सारे सुंदर आहे. प्रश्न पुढच्या भागाचा आहे. लोकप्रिय आवृत्तीत पंतांचा उपदेश ऐकून रामजोशी डफ टाकतात, तमाशाकडे पाठ फिरवतात आणि उर्वरित आयुष्य हरिकीर्तनात घालवतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबून संगमनेरकडे पाहावे. तेथील शाहीर अनंत फंदी यांच्याबद्दलही अशीच कथा आहे. त्यांना उपदेश करणाऱ्या अहिल्याबाई होळकर. ब्राह्मणाने तमाशा करणे शोभत नाही, हे त्यांचे बोल. आणि ते ऐकताच जागच्या जागी फोडलेला डफ. पुढे कीर्तन.

शाहीर दोन, दोघेही ब्राह्मण. उपदेशक दोन, दोघेही वंदनीय. आणि दोघांचाही अंत वर्षभराच्या अंतराने, पंतांचा १७९४ला आणि अहिल्याबाईंचा १७९५ला. दोन्ही कथांत एकच कलाटणी. असे साम्य आढळले की घटना दोनदा घडल्या असतील यापेक्षा कथेचा साचा एकच असेल, ही शंका घ्यावी. ज्यांना या शाहिरांची कवने प्रिय होती, पण तमाशा नकोसा होता, त्यांना या साच्याची गरज होती. त्यातून ब्राह्मण शाहिराला पश्चात्ताप करवून घरी परत आणता येत होते.

कालक्रमही या कथेला फारशी साथ देत नाही. बारामतीची भेट १७९४च्या आधीची असणार, कारण त्यानंतर पंत हयात नव्हते. त्या वेळी रामजोशी जास्तीत जास्त तिशीच्या आसपास. दुसरे बाजीराव पेशवे झाले १७९६ला. आणि उत्तर पेशवाईतील पुण्याच्या तमाशाशी, बया आणि चिमा या आपल्या फडातील नर्तकींसह, रामजोश्यांचे नाव परंपरेने घट्ट जोडलेले आहे. म्हणजे पंतांच्या निधनानंतरही अठरा-एकोणीस वर्षांचे आयुष्य शिल्लक होते, आणि त्यातील सारे काही वीणा-चिपळ्यांत गेले नाही. कीर्तन आणि तमाशा दोन्ही चालू राहिले असावे, हा निष्कर्ष अधिक सरळ आहे. एका दृष्टीने तो अधिक आकर्षकही आहे: सकाळी मंदिरात आर्या म्हणणारा आणि रात्री फडात लावणी म्हणणारा माणूस एकच, आणि दोन्हीकडे त्याच्या गळ्यात तीच यमके.

रसिकांनी कलावंताला एका चौकटीत बसवू पाहण्याची ही ओढ केवळ आपल्याकडची नाही. २५ जुलै १९६५ रोजी अमेरिकेतील न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन यांनी साधी गिटार बाजूला ठेवून विजेची गिटार हाती घेतली, तेव्हा श्रोत्यांतून निषेधाचे आवाज उठले. लोकगीतांच्या चाहत्यांना आपला कवी रॉकच्या गोंगाटात गेलेला नको होता. त्याच डिलन यांना २०१६ साली साहित्याचे नोबेल मिळाले, तेव्हा हा गायक की कवी, असा वाद साहित्यिकांनी घातला. वाद्य बदलले की माणूस बदलला, असे प्रेमिकांना फार लवकर वाटते. डफ आणि वीणा यांबाबत महाराष्ट्रात जे बोलले गेले, ते याच जातीचे होते. फरक एवढाच की न्यूपोर्टला ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. रामजोश्यांचा आवाज ऐकलेला शेवटचा माणूस जाऊनही आता दीड शतक उलटले असेल.

मग त्यांची गाणी आपल्यापर्यंत आली कशी? दोन वाटांनी, आणि या दोन वाटा एकमेकींना फारशा भेटल्या नाहीत.

पहिली वाट कीर्तनकारांची. नारदीय कीर्तनाचे पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग, उत्तररंगात आख्यान. आख्यान सांगताना कथेला वेग द्यायचा, प्रसंग बांधायचा, तर गद्य निवेदनात मधूनमधून पद्य लागते. ओवी संथ, श्लोक भारदस्त; आर्या मात्र झपझप पावले टाकते. त्यामुळे पंतांच्या आर्या कीर्तनकाराच्या शिदोरीत कायमच्या बसल्या. कोणत्या कवीचे कोणते वृत्त, याची वाटणी करून देणारे एक सुभाषितवजा वचन मराठीत सर्वतोमुखी आहे: श्लोक वामनपंडिताचा, अभंग तुकोबांचा, ओवी ज्ञानदेवांची, आर्या मोरोपंतांची. या मालिकेत लावणी नाही. आर्या गावोगाव नेणाऱ्या रामजोश्यांचे नाव कीर्तनपरंपरेने आदराने घेतले, पण ते दुसऱ्याच्या काव्याचा प्रसारक म्हणून.

दुसरी वाट फडाची. लावणी टिकली ती फडातल्या माणसांमुळे. एकोणिसाव्या शतकात पेशवाई बुडाली, दरबारचा आश्रय संपला. तेव्हा तमाशा जत्रा-यात्रांच्या आश्रयाने जगला, आणि तो जगवला प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांतील कलावंतांनी. त्यांच्यापैकी अनेकांना अक्षरओळख नव्हती. लावणी चालीसकट पाठ, आणि चाल बापाकडून लेकाला, मावशीकडून भाचीला. काही हौशी माणसांनी ती बाडांत उतरवून ठेवली. देवाच्या आरत्या, औषधांचे नुसखे, सावकाराचे हिशेब आणि मध्येच एखादी शृंगारिक लावणी, असे ते बाड असे.

अशा प्रवासात कवीचे नाव टिकण्याची एकच सोय होती: मुद्रिका. शाहीर शेवटच्या चौकात आपले नाव गुंफतो. रामजोश्यांच्या अनेक रचनांत ‘कविराय’ ही मुद्रा येते. म्हणजे नाव नाही, बिरुद आहे. चांगली लावणी पाहिली की तिला प्रसिद्ध शाहिराचा शिक्का मारण्याचा मोह फडाला होत असे. उलट दुसऱ्याच्या लावणीतील मुद्रिका खोडून आपली घालणारेही कमी नव्हते. त्यामुळे रामजोश्यांची म्हणून जी रचनासंपदा आज हाती आहे, तिच्यातील प्रत्येक ओळ त्यांचीच, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. भक्तांनी तुकोबांच्या गाथ्यात जशी आपली भर घातली, तशी रसिकांनी येथेही घातली. हा दोष म्हणावा की प्रेम, हे ज्याने त्याने ठरवावे. संपादकाच्या मात्र डोक्याला ताप झाला.

छापखाना आला तेव्हा दोन वाटांमधला फरक आणखी स्पष्ट झाला. परशुरामपंत तात्या गोडबोले यांचे ‘नवनीत’ १८५४ साली निघाले आणि जुन्या कवींची निवडक कविता शिकणाऱ्या पिढ्यांच्या हाती आली. मोरोपंतांना तर पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांसारखा वकील लाभला. ‘निबंधमाले’त त्यांनी पंतांच्या कवितेची हिरिरीने बाजू मांडली. ल. रा. पांगारकरांनी पंतांचे चरित्र आणि काव्यविवेचन सविस्तर लिहिले. ‘पंतांचे अभिमानी’ हा सुशिक्षित वर्गातील एक ओळखता येण्याजोगा पंथच होता.

शाहिरांना थांबावे लागले. पोवाड्यांचा पहिला महत्त्वाचा संग्रह १८९१ साली प्रसिद्ध झाला, तो शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी हॅरी आरबुथनॉट ॲकवर्थ या इंग्रज सनदी अधिकाऱ्याच्या साथीने सिद्ध केलेला. (मुंबईत वडाळ्याच्या कुष्ठरोग रुग्णालयाला ज्यांचे नाव आहे तेच हे ॲकवर्थ.) गावोगावच्या गोंधळी-शाहिरांकडून पोवाडे मिळवून ते उतरवून घेणे हे या कामाचे स्वरूप. पोवाडा इतिहासाचे साधन म्हणून प्रतिष्ठित ठरला. लावणीला ती ढाल नव्हती. तरीही शाळिग्रामांनी पुढे एकेका शाहिराच्या कवनांचे संग्रह छापले आणि त्यांत रामजोश्यांच्या लावण्या आल्या. आज अभ्यासक ज्यावर उभे आहेत ती जमीन बरीचशी या एका माणसाने नांगरलेली आहे. छापील ओळींतून चाल मात्र निसटली. पानावर लावणी आहे. ती कोणत्या लयीत उचलायची, झीलकऱ्यांनी कोठे पकडायची, हे ज्यांना ठाऊक होते ते पुस्तके वाचत नव्हते.

त्यानंतर म. वा. धोंड यांच्या ‘मऱ्हाटी लावणी’ने १९५६ साली या काव्यप्रकाराकडे संकोच न बाळगता पाहण्याची दृष्टी दिली. परंतु तोवर रामजोश्यांची एक प्रतिमा महाराष्ट्राच्या मनात पक्की झालेली होती, आणि ती अभ्यासकांनी घडवलेली नव्हती.

१९४७ साली राजकमल कलामंदिराचा ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट झळकला. दिग्दर्शन बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम यांचे, संगीत वसंत देसाईंचे, गीते ग. दि. माडगूळकरांची. रामजोशी झाले जयराम शिलेदार, बया झाल्या हंसा वाडकर. ‘मतवाला शायर रामजोशी’ या नावाने तो हिंदीतही निघाला. चित्रपटाने अफाट यश मिळवले आणि मराठीत तमाशापटांची लाट आणली. ज्या काळात सभ्य घरांतून तमाशाचे नाव काढणे कठीण होते, त्या काळात शहरांतील कुटुंबे तिकिटे काढून ढोलकी ऐकायला बसली. रामजोश्यांच्या आयुष्यात जे कधी साधले नाही ते त्यांच्या मृत्यूनंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी पडद्यावर झाले: वाडा आणि फड एका छपराखाली आले.

त्याची किंमतही होती. माडगूळकरांची लेखणी इतकी समर्थ की जुन्या शाहिराच्या धाटणीत त्यांनी लिहिलेली गीते आणि मूळ लावणी यांतला सांधा सामान्य श्रोत्याला दिसेना. रामजोशी आवडतात असे म्हणणाऱ्यांना पुष्कळदा माडगूळकर आणि वसंत देसाई आवडत असतात. चालीबाबत तर हे अटळच होते. फडातल्या जुन्या चालीची जागा आता रेकॉर्डवरच्या चालीने घेतली, आणि नंतरच्या गायकांनी तीच उचलली. यात रडण्यासारखे काही नाही. लोककवीची गाणी प्रत्येक पिढी आपल्या वाद्यांवर पुन्हा बसवते. रामजोश्यांनी स्वतः संस्कृत काव्याचे तेच केले होते. मात्र जुनी चाल कोणती आणि नवी कोणती, हे ठाऊक असावे, एवढी अपेक्षा इतिहासाच्या प्रेमिकाकडून ठेवता येते.

तर मग रामजोशी कोणाचे? बारामतीच्या पंतांनी त्यांच्यातील पंडित कवी ओळखला. कीर्तनकारांनी आर्या गाणारा हरिदास जपला. शाळिग्रामांनी छापण्याजोगा मजकूर वाचवला. चित्रपटाने एक देखणा, बंडखोर नायक दिला. यांतील प्रत्येकाचे प्रेम खरे होते, आणि प्रत्येकाने आपल्याला हवे तेवढे उचलले.

ज्यांनी सर्वांत आधी त्यांचे गाणे ऐकले आणि उचलून धरले त्यांचे काय? धोंडी शाहिराने एका अनोळखी पोराची पहिली लावणी आपल्या फडात म्हटली नसती, तर बारामतीपर्यंत कीर्ती पोहोचलीच नसती. या धोंडीची स्वतःची रचना वाचकांच्या स्मरणात नाही. बया आणि चिमा या दोघींनी ज्या लावण्या रात्रीमागून रात्र उभ्या केल्या, त्यांतील कोणता चढ, कोणती हरकत, कोणता शब्द त्यांच्या गळ्यातून येऊन नंतर कविरायाच्या नावे रुळला, हे सांगणारे बाड कोणी लिहिले नाही. त्यांचे घराणे, त्यांचे गाव, त्यांच्या जन्ममृत्यूची साले चरित्रकारांनी विचारलीही नाहीत. शाहिराच्या चरित्रात त्या मोहाचा एक मुक्काम म्हणून येतात आणि पंतांचा उपदेश झाला की निघून जातात.

पडद्यावर बयाची भूमिका करणाऱ्या हंसा वाडकरांनी पुढे आपली जीवनकहाणी अरुण साधू यांना सांगितली. १९७० साली ती ‘सांगत्ये ऐका’ या नावाने पुस्तकरूपाने आली आणि तिच्यावरून श्याम बेनेगलांनी ‘भूमिका’ हा चित्रपट केला. नाचणाऱ्या-गाणाऱ्या बाईने स्वतःच्या तोंडाने सांगितलेले आणि कोणी तरी बसून उतरवून घेतलेले ते आयुष्य आज वाचता येते. तिच्या आधीच्या बयाला मात्र उतरवून घेणारे कोणी भेटले नाही.